हाताला बोट

लोटन आप्पांना मोटार चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा येत नव्हती. खानदेशातून सुरतेला आल्यापासून गोडादऱ्याहून खात्यावर पायी जायचं आणि पायी परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. खातं म्हणजे लूमचा कारखाना. आमच्याकडे त्याला कारखाना कुणी म्हणत नाही. आणि अशा माणसाच्या घरात, देवाच्या कोनाड्याखालच्या लांब फळीवर, निम्म्या सुरतेच्या शेठ लोकांच्या मोटारी ओळीनं उभ्या होत्या.

वीतभर लांबीच्या मोटारी. दारं उघडायची, चाकं फिरायची, स्टिअरिंग वळवलं की पुढची चाकं वळायची. पत्रा गोडेतेलाच्या डब्याचा, टायर जुन्या स्लिपरच्या रबराचे, आतल्या सीटा साडीच्या चिंध्यांच्या. सुरतेत चिंध्यांना काय तोटा! काचा मात्र एक्स-रेच्या. दवाखान्याबाहेर टाकून दिलेले एक्स-रे आप्पा गोळा करून आणत, सोड्याच्या पाण्यात भिजत घालत आणि घासत बसत. फासळ्यांची काळी चित्रं निघून जात आणि खाली स्वच्छ पारदर्शक पान उरे. "ह्या कॉन्टेसाले चार जनसन्या छात्या लागन्या," असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणा चहा अर्धा टाकून उठे.

मी तेव्हा मराठी शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. आमच्या वस्तीला सोसायटी म्हणत. सोसायटी म्हणजे समोरासमोर पत्र्याच्या खोल्यांच्या दोन ओळी आणि मधे एक नळ. जन्मभर लूमच्या खडखडाटात उभं राहून आप्पांचे कान गेले होते, त्यामुळे ते गावाला ऐकू जाईल असं बोलत. त्यांच्या घरातलं गुपित त्यांच्या आधी आम्हाला कळायचं.

त्यांचं माप साधं होतं: हाताला बोट. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. बोट म्हणजे बोटाची रुंदी. एका हातात चोवीस बोटं बसतात, हे त्यांच्या गावाकडे बांध घालणाऱ्यापासून खाट विणणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. खऱ्या मोटारीवर एक हात भरला की घरच्या मोटारीवर एक बोट. मी एकदा टेप आणून देतो म्हटलं तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. "टेप हरपी जास, गुरजी. हात कोठे हरपस?"

ज्या गाडीला हात लावला नाही ती गाडी ते करत नसत. कॅलेंडरावरच्या, सिनेमातल्या, पेपरातल्या गाड्या त्यांच्या लेखी नव्हत्याच. आणि हात लावलेली गाडी जशी असेल तशीच. खऱ्या गाडीच्या दाराला पोचा असेल तर इथेही पोचा. एकदा मार्केटातल्या एका दलालानं आपल्या पांढऱ्या पद्मिनीची नक्कल मागितली, फक्त तेवढी लाल करा म्हणाला, मुलाला लाल आवडते. आप्पांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. मी म्हटलं, आप्पा, लेकराचा खेळ आहे, लाल केली तर काय बिघडलं? तर म्हणाले, "ती धवळी शे. मी लाल करू ते मंग ती कोनी शे?" मास्तर मी, पण त्या दिवशी व्याकरण त्यांनी मला शिकवलं.

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे. "डोया खोटं बोलस. हात नही बोलत." एखाद्या गाडीचं नाक लांब झालंय, टप उंच दिसतोय असं कुणी म्हटलं की हे वाक्य ठरलेलं. मग त्या माणसाला धरून खऱ्या गाडीपाशी न्यायचं, तिच्यावर हात ठेवून दाखवायचं आणि त्याच्याकडून मान्य करून घ्यायचं. या पायी त्यांनी माझी एक अख्खी रविवारची सकाळ खाल्ली आहे.

या हात लावण्यावरून त्यांनी मारही खाल्ला. लिंबायतला एका लग्नात फुलांनी सजवलेल्या वरातीच्या गाडीखाली आप्पा आडवे होऊन बंपरवर कोपर टेकवत होते. मुलाकडच्यांना वाटलं, चोर. मी धावत पोचलो तोवर त्यांचा ओठ फुटला होता आणि सदऱ्याची बाही हातात आली होती. मी हात जोडून त्यांना सोडवलं. दहा पावलं गेल्यावर रक्त थुंकून म्हणाले, "गुरजी, मांगली बाजू ऱ्हायनी." मला हसावं की त्यांना आणखी दोन ठेवून द्याव्या, कळेना.

प्लेगच्या साली तर त्यांनी कमालच केली. अर्धी सुरत अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. स्टेशनवर माणसावर माणूस चढत होता. आमची ओळ रिकामी झाली, मीही बायकोमुलांना अमळनेरला पोचवून आलो. परत येऊन बघतो तर आप्पा तोंडाला रुमाल बांधून, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या खिशात घालून अठवा लाइन्सकडे निघालेले. बंगल्यांना कुलुपं होती, चौकीदार पळाले होते, मोटारी बाहेर धूळ खात उभ्या होत्या. त्यांच्या आयुष्यात एवढ्या मोटारींना इतक्या निवांतपणे हात लावायची वेळ पुन्हा आली नाही. शहर मरणाच्या भीतीनं तोंड झाकून बसलं होतं आणि हा माणूस खुशीत होता. त्या काळात मला त्यांची किळस आली होती, हे खरं सांगायला हवं.

पण त्याच माणसाच्या फळीवर एक शववाहिनीही होती. बायको गेली तेव्हा महापालिकेची गाडी आली आणि आप्पा मागे तिच्या शेजारी बसून घाटावर गेले. तिथे सगळे लाकडं रचत असताना हे बाहेर गाडीच्या दाराला कोपर लावून उभे. नातेवाइकांनी दातओठ खाल्ले. दहाव्याच्या आतच ती गाडी फळीवर आली, काळ्या अक्षरांसकट. कुणीतरी फटकारलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखा मोठ्यानं नव्हे, चक्क हळू आवाजात जबाब दिला. "आम्ही दोन्ही ज्या मोटरमा संगे बठनूत ती हाई एकच." 

मुलगा एकच, कैलास. तो ड्रायव्हर झाला यात आप्पांच्या फळीचा हात असणार. एका ट्रान्सपोर्टवाल्याची मेटाडोर चालवायचा, मार्केटातून साड्यांची पार्सलं उचलायची आणि गावोगाव पोचवायची. हसरा, कुणालाही कामाला नाही न म्हणणारा पोरगा. लग्नसराईत खेपांवर खेपा मारून त्याचे डोळे कायम लाल असत. तो पहिल्यांदा मेटाडोर घेऊन ओळीत आला त्या दिवशी आप्पांनी तिला चारी बाजूंनी हात लावला आणि ती फळीवर आली. फळीवरची पहिली मालवाहू गाडी. सून उषा नंदुरबारकडची, बारीक अंगाची, कामाला वाघीण. त्यांना सोनी नावाची एक मुलगी.

ओळीतल्या एका मुलीचा साखरपुडा बारडोलीच्या बाजूला होता. कैलासनं मालकाला विचारून मेटाडोर घेतली आणि ओळीतली माणसं नेली. परतताना पहाटे, चलथाणच्या पुढे एका खाडीवर जुना अरुंद पूल आहे, त्यावर समोरून ऊस खाली करून आलेला रिकामा ट्रक आला. पुलावर दोन्ही गाड्या भिडल्या. कैलास जागीच गेला. त्याच्या शेजारी समोरच्या खोलीतल्या जिजाबाईचा तरणा मुलगा प्रकाश बसला होता, तोही गेला. मागे बसलेल्यांची हाडं मोडली, पण जीव वाचले.

त्यातलाच एक जण दवाखान्यातून आला तो सांगत, की कैलासचा डोळा लागला होता. झालं. कुणी म्हणे झोप, कुणी म्हणे दारूची पोटली. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणून मेलेल्या माणसाला पाजायला ती जास्तच सोपी. सहा महिन्यांत उषाचं त्या ओळीत जगणं मुश्कील झालं. नळावर तिची बादली बाजूला सारली जाई. सोनीला कुणी खेळायला घेईना. जिजाबाई समोरच राहायची. ती भांडत नसे, नुसती दारात बसून त्यांच्या दाराकडे बघत असे. मला विचाराल तर भांडलेलं परवडलं असतं.

एका दुपारी उषा डोक्यावरचा पदर घट्ट धरून आप्पांसमोर येऊन उभी राहिली. एरवी ती त्यांच्याशी दाराआडून बोलायची. त्यांना ऐकू यावं म्हणून ती जवळजवळ ओरडतच होती, म्हणून भिंतीपलीकडे मलाही सगळं ऐकू आलं.

"आप्पा, तुमना हात खोटं बोलत नही ना? मंग दखाडा सगळासले. तो पूल करा, तो ट्रक करा. त्यासनी गाडी ते शेच फळीवर. देखू द्या लोकसले, कोनी चूक व्हती."

 आप्पा म्हणाले, "करस."

पूल त्यांनी स्वतः मोजला. मी बरोबर होतो. बसमधून उतरून ते कठड्याच्या एका टोकाला गुडघ्यांवर बसले आणि रस्त्यावर हात टाकत टाकत दुसऱ्या कठड्यापर्यंत सरकत गेले. मी दोन्ही बाजूंची वाहनं थोपवत होतो आणि शिव्या खात होतो. ट्रक आपल्या बाजूच्या कठड्याला घासून गेला होता, तो ओरखडा अजून तसाच होता. म्हणजे ट्रक त्याहून कडेला जाऊ शकत नव्हता. आता प्रश्न एवढाच उरला, की ट्रक तिथे असताना पलीकडे मेटाडोरला जागा किती राहते.

ट्रक आणि मेटाडोर पोलीस चौकीच्या आवारात होत्या. आप्पा तिथे गेले आणि फाटकातून परत आले. मेटाडोर अगदी पुढेच उभी होती, तोंड चेपलेलं. घरी येऊन दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून निजले. शेवटी उषा म्हणाली, मी जाते. आप्पांनी तिला समजावलं: कोपर इथे टेकव, बोट जिथे पोचेल तिथे खूण कर, पुन्हा कोपर. लांबी, रुंदी, उंची. ती गेली, पदर खोचून शिपायांच्या देखत ट्रकला हात लावून आली आणि आकडे घडाघडा सांगितले.

ट्रक आप्पांनी यापूर्वी कधी केला नव्हता. त्यांचा जीव मोटारींत. तयार झाल्यावर त्यांनी तो पाटावर ठेवला आणि मान तिरकी करून बघत राहिले. "मोठा दिखस," ते म्हणाले. मलाही मोठा वाटला. मी तसं म्हटल्यावर त्यांनी हात झटकला. "डोया खोटं बोलस, गुरजी."

एका रविवारी सकाळी त्यांनी ओळीतल्या सगळ्यांना बोलावलं. नळापाशी पाट मांडला, त्यावर पुठ्ठ्याचा पूल. कठड्यावरचा ओरखडासुद्धा काढला होता. आप्पांनी ट्रक ओरखड्याला टेकवून उभा केला. मग पलीकडून मेटाडोर हलकेच पुढे आणली. ती ट्रकच्या तोंडापाशी आली आणि अडकली. कठडा आणि ट्रक यांच्यात ती मावतच नव्हती. त्यांनी ती कडेला नेली, सरळ केली, पुन्हा आणली. पुन्हा अडकली.

 मग मागून एक जण म्हणाला, "आयला, एवढं धूड घेऊन तो पुलावर शिरलाच कसा? समोरून गाडी येताना दिसत नव्हती?" त्या वाक्यासरशी सगळी ओळ फिरली. बायका रडायला लागल्या. जिजाबाई उठली, उषापाशी गेली आणि तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं. दुसऱ्या दिवशी नळावर उषाची बादली कुणीतरी भरून ठेवली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण राग कुठे तरी जायला हवा असतो. तो ट्रकचा ड्रायव्हर शांताराम बमरोलीला राहत होता, तोही खानदेशचाच. जामिनावर सुटून घरी आला होता. ओळीतली पोरं तिकडे गेली, त्याला मारत मारत रिक्षात घातलं आणि आमच्या ओळीत आणलं. त्याला पाटासमोर बसवून आप्पांच्या हातानं सगळं दाखवायला लावलं. त्याच्या कानातून रक्त येत होतं. तो मेटाडोर अडकताना एकटक बघत होता. मग त्यानं जिजाबाईच्या पायावर डोकं ठेवलं, उषाच्या पायावर ठेवलं आणि रडत म्हणाला, माफ करा. त्यानंतर मालकानं त्याला गाडीवर घेतलं नाही. त्या मारात मोडलेलं मनगट वाकडं जुळलं, म्हणजे दुसऱ्याची गाडीही मिळायची नव्हती.

उषानं पोटासाठी घरी लेस लावायचं काम धरलं होतं. मार्केटातून साड्या यायच्या, काठाला लेस शिवून परत द्यायच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका दुपारी आप्पांकडे पेपर वाचत बसलो होतो. उषा आतल्या दारात बसून लेसचा गुंडा सोडत होती, कोपरापासून बोटापर्यंत, पुन्हा कोपरापासून बोटापर्यंत. आप्पा तिच्याकडे बघत होते. नजर लागावी इतका वेळ बघत होते.

"उषा, आठे ये," ते म्हणाले. "हात ठेव आठे."

त्यांनी आपला हात फरशीवर आडवा ठेवला. तिनं न कळून आपला हात शेजारी टेकवला, कोपराला कोपर. तिचं मधलं बोट त्यांच्या तळव्यापर्यंतच पोचलं.

आप्पांचा चेहरा मी तेव्हा पाहिला तो विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही. हात छोटा, म्हणून हात जास्त भरले. हात जास्त भरले, म्हणून ट्रक मोठा झाला. जगात कुठल्याही घरात टेपनं मोजलं असतं, दोरीनं मोजलं असतं. या एका घरात सुनेनं सासऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आपला हात वापरला आणि सासऱ्यानं आपल्या हातावर विश्वास ठेवून डोळ्याचं ऐकलं नाही. उषाला काही क्षण लागले. मग तिनं हात एकदम मागे ओढून पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी आप्पा मला घेऊन पोलीस चौकीवर गेले. मेटाडोर तशीच पुढे उभी होती. यावेळी ते तिच्या शेजारून सरळ चालत गेले, मागे ट्रकपाशी पोचले आणि त्याच्या गंजलेल्या पत्र्यावर कोपर टेकवलं.   नवा ट्रक तयार झाला आणि आप्पांनी मला आत घेऊन, घराचं दार लावून पूल मांडला. मेटाडोर ट्रकशेजारून गेली. अंगठा आडवा जाईल एवढी जागा राखून गेली.

आप्पांच्या कानाशी लागून बोलणाऱ्या उषाचा दबका आवाज त्या दिवशी भिंतीपलीकडून खूप वेळ येत होता.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या ना. जानारा ते गया. कोनले म्हाईत शे? तुमले, माले, गुरजीसले. गुरजी काय बोलाव नही."

आप्पांचं उत्तर ऐकू आलं नाही.

"तुमनाच पोऱ्या शे तो! पोरनी उद्या लोकसना तोंडे काय ऐकानं? तिना बापनी मानसं मारी, अशं?"

"तो बमरोलीना जिवंत शे," आप्पा म्हणाले. यावेळी मात्र सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना गाठलं आणि चांगलाच झापलं. म्हटलं, शांतारामला जाऊन हवं तर हळूच सांगा, पाया पडा, काय मदत करायची ती करू. पण सगळ्यांसमोर कशाला? सून आहे, नात आहे, त्यांना याच ओळीत राहायचंय. आप्पा ऐकत होते की नाही कोण जाणे. कान गेलेल्या माणसाशी वाद घालणं हा एक वेगळाच छळ. शेवटी म्हणाले, "त्याले सगळाससमोर मारं ना, गुरजी?" एवढंच.

कैलासच्या वर्षश्राद्धाला सगळी ओळ जेवायला होती. पंगत उठली, आणि आप्पांनी पाट आणला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःखानं पुन्हा दाखवायची हुक्की आली. आप्पांनी जुना ट्रक बाजूला ठेवला, नवा ओरखड्याला टेकवला आणि मेटाडोर त्याच्या शेजारून पार केली. एकदा, मग पुन्हा.

"मोजामा चूक व्हई गयी," ते म्हणाले. "चूक मनी." मोजलं कुणी होतं, हे त्यांनी तोंडातून काढलं नाही. "ट्रक इतलाच शे. जागा व्हती. आपनी गाडीच तिकडे गयी."

उषा चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. जिजाबाई लोकांना सारत पुढे आली. तिनं मेटाडोर उचलली, पुढचं दार बोटानं उघडलं, ज्या जागी तिचा प्रकाश बसला होता तिथे बघितलं.

"मंग मना पोऱ्याले कोनी मारं?"

आप्पांना हे ऐकू आलं. "मना पोऱ्यानी," ते म्हणाले.

जिजाबाईनं दार लावलं आणि मेटाडोर पाटावर जिथल्या तिथे ठेवली. कुणीतरी रागानं फोडेल असं मला वाटत होतं. कुणी फोडली नाही. सगळे आपापल्या घरी गेले, एवढंच.

त्या आठवड्यात उषाचा भाऊ नंदुरबारहून आला. तिनं ट्रंक भरली, सोनीचे केस विंचरले. निघताना पदर घेऊन सासऱ्याच्या पाया पडली, रीत सोडली नाही तिनं. आप्पांनी डोक्यावर हात ठेवला. ती उठली आणि ट्रंक उचलून निघाली. सोनी वळून वळून बघत होती. आखाजीच्या सणाला तिला पाठव, असं आप्पांनी मागून ओरडून सांगितलं. ती आखाजी आली आणि गेली, पुढचीही गेली. सोनी आली नाही.

बमरोलीला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. शांताराम खाटेवर बसला होता, वाकडं मनगट मांडीवर. आप्पांनी त्याच्या पायाला हात लावला तेव्हा तो दचकून मागे सरकला. आप्पांनी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याची बायको दारात उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता तो शिव्या देईल, निदान देवाचं नाव घेईल.

"मी पण तेच समजेल व्हतू आप्पा," तो म्हणाला. "तुमना तो खेळ देखा ना, तव्हयपासून माले पक्कं वाटे, मीच मारं त्यासले. रोज झोपमा मी मारस." त्यानं हातानं तोंड पुसलं. "आते तुम्ही सांगतस तरी ते जास नही."

परतताना आप्पा वाटेत एका उसाच्या गाड्याशेजारी बसले. मी रस आणला तो त्यांनी हातात धरला आणि ग्लास गरम होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

माझी बदली झाली, नंतर मी सुरत सोडली. काही वर्षांनी एका कामासाठी गेलो तेव्हा गोडादऱ्याला गेलो. जेवणाची वेळ होती. ओळीतली बरीच घरं दुमजली झाली होती, आप्पांचं तसंच. फळीवर गाड्या होत्या, पण धूळ कुणी पुसलेली नव्हती आणि नवी एकही नव्हती. आप्पा स्टोव्हपाशी उकिडवे बसून भाकरी थापत होते. हात पिठानं भरलेले. मला बघून आनंद झाला असावा, पण त्यांनी तो दाखवला नाही. फक्त पीठ थोडं वाढवलं.

इतकी वर्षं मनात असलेलं मी शेवटी मोठ्यानं विचारलं, त्यांना ऐकू यावं म्हणून. समोरच्या दारातल्या जिजाबाईलाही ते ऐकू गेलं असणार. "आप्पा, गप्प बसला असता तर?"

ते तव्यावरची भाकरी उलटवत राहिले.

"सून ऱ्हायती," ते म्हणाले. "नात ऱ्हायती. तिना हातनी पातळ भाकर रोज खायला भेटती."

"मग?"

त्यांनी भाकरी तव्यावरून काढली. एका बाजूनं करपली होती. मधोमध मोडली आणि मोठा अर्धा माझ्या ताटलीत टाकला.

"मी थापस ते जाड व्हस," आप्पा म्हणाले. "पन घसाखाले उतरस."